खाणीखालची पाणथळ

मी एक जुनी पाणथळ आहे. निसर्गाने केलेली नव्हे, माणसांनी खणलेली. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी माझी तीन तळी आहेत.

मित्रांनो, खाण बंद झाली तरी तिच्यातलं पाणी थांबत नाही. ते आंबट, गंजाच्या रंगाचं पाणी पन्नास वर्षं खालच्या ओढ्यात जात होतं. मासा सोडाच, तिथे बेडूकही जगत नव्हता. गावच्या शाळेतल्या व्हर्ना कोसिकबाईंनी ते मनावर घेतलं. त्यांचे वडील याच खाणीत राबले होते. बाईंनी दारोदार फिरून माणसं जमवली. त्यांचा जुना विद्यार्थी एमिल खोदायचं यंत्र घेऊन आला. माझ्या तळाशी चुनखडी पडली, तिच्यावर अळंबीच्या शेडमधलं जुनं खत, आणि त्यात पाणकणसं लावली गेली. चुनखडी पाण्याचा आंबटपणा मारायची, लोखंडाचा गाळ माझ्या पोटात बसायचा आणि ओढ्यात निवळ पाणी उतरायचं.

चौथ्या वर्षी ओढ्यात ट्राउट मासे दिसले. बाई काठावर बसून रडल्या. फोटो निघाले, भाषणं झाली, माझ्या नावाची पाटी लागली.

पण पोटातला गाळ कोणीतरी काढायला हवा होता. बाई दर वर्षी गावच्या कचेरीत जायच्या. "पुढच्या वर्षी बघू," एवढंच उत्तर मिळायचं. मग त्या स्वतःच दाताळं घेऊन यायच्या आणि पाणी बाहेर जायचा पाइप मोकळा करायच्या.

"बाई, शहात्तर वर्षांच्या झालात. घरी बसा की आता," एमिल म्हणायचा.

"मग तू उतर चिखलात. नुसतं तोंड काय चालवतोस?"

तो हसत उतरायचा. पुढे कामासाठी त्याला ओहायोला जावं लागलं. त्या नोव्हेंबरात बाई एकट्याच आल्या आणि घसरल्या. खुब्याचं हाड मोडून त्या माझ्या गारठलेल्या पाण्यात दोन तास पडून होत्या. त्यांच्या हाका मी ऐकत होते. ऐकण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. शेवटी एका शिकाऱ्याने त्यांना बाहेर काढलं.

त्या वाचल्या, पण काम सुटलं. पाइप तुंबला. मार्चमध्ये बर्फ वितळलं, पाणी चढलं आणि माझा बांध फुटला. वीस वर्षांचा गाळ एका सकाळीत ओढ्यात गेला. मासे पांढरी पोटं वर करून तरंगले.

एप्रिलमध्ये ओहायोहून आलेला एमिल बाईंना गाडीतून घेऊन आला. खिडकीतून त्यांना ओढा दिसत नव्हता.

"मासे आहेत ना रे?"

एमिल माझ्या फुटक्या बांधाकडे बघत राहिला. "आहेत, बाई. पुष्कळ आहेत."

"खोटं बोलताना तू शाळेतही असाच दुसरीकडे बघायचास."

एमिलने गाडी वळवली. मे महिन्यात बाई गेल्या.

मित्रांनो, खाणीतलं पाणी आजही येतं आहे. तुमची नातवंडं म्हातारी होतील तेव्हाही येत असेल. मला खणलं की काम संपलं, असं समजू नका. माझा बांध पुन्हा घाला, दर वर्षी गाळ काढा. आणि कृपा करून, सगळ्या गावाचं काम एकट्या माणसाच्या अंगावर टाकू नका.