पेपरात दिपक

"आज कुटले पेपर आले?" प्रदीपच्या हातातला डबा घेत मथुराबाईनं विचारलं.

"ब्राझीलचे."

"त्यात दिपक?"

"न्हाय."

"तिकडं कशाला जाईल त्यो? हितल्या हित मैंदर्गीचं पानीसुदिक बाधायचं त्याला."

प्रदीप सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात होता. मानसिक आजारांवर कुठल्या देशानं किती शोधनिबंध लिहिले, हे तिथं मोजायचं. लेखक दोन देशांचे असले तर निबंध दोघांना अर्धा-अर्धा, भावकीत विहीर वाटतात तसा. ऑफिसात निबंधाला पेपर म्हणत. प्रदीपनं घरीही तेच सांगितलं, आणि आईनं पेपर म्हणजे हरवलेल्यांचे फोटो छापतात तोच धरला.

थोरला दिपक टॉवेलच्या कारखान्यात होता. त्याला भिंतीतली माणसं बोललेली ऐकू यायला लागली. एके दिवशी तो त्यांना शोधायला म्हणून बाहेर पडला आणि परत आला नाही. जगातले डोकं बिघडलेल्यांचे सगळे पेपर धाकट्याच्या टेबलावरून जातात म्हटल्यावर आई निर्धास्त झाली. पोलीस चौकीत जायचंही तिनं सोडलं. प्रदीपनं चूक दुरुस्त केली नाही.

एके दुपारी ती दिपकचा फोटो घेऊन ऑफिसातच आली. ऑफिसच्या प्रमुख उत्कर्षा मॅडमनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि खरं सांगितलं.

"मावशी, यात कुणाचा फोटो नसतो. नावही नसतं. किती लिहिलं, तेवढंच आम्ही मोजतो."

"म्हंजे माणसं मोजत न्हाय?"

"नाही."

"आन् बरी किती झाली, ते?"

मॅडमनी प्रदीपकडं पाहिलं. प्रदीपनं स्क्रीनकडं. स्क्रीनवर नॉर्वे होता.

"ते दुसरं डिपार्टमेंट बघतं," मॅडम म्हणाल्या. असं डिपार्टमेंट कुठंच नव्हतं.

जिना उतरताना आई थांबली. "मला का सांगितलं न्हाईस रं?"

"तू रातची झोपायला लागली हुतीस की."

खाली दुभाजकावर एक दाढीवाला माणूस बसून रिक्षांना नमस्कार करत होता. मथुराबाई गाड्यांतून वाट काढत त्याच्यापाशी गेली. दोन बोटांनी हनुवटी वर करून तिनं चेहरा नीट पाहिला. दिपक नव्हता. तिनं हनुवटी हळूच सोडली. मग त्याच्या शर्टाची भलत्याच काजांत घातलेली बटणं काढून ती एकेक नीट लावू लागली.

मागं हॉर्न वाजत होते.

"हालू नगं रं," ती म्हणाली.