हवा भरणाऱ्याची साक्ष

मी चेंडूत हवा भरायचा पंप बोलतोय. शपथेवर सांगतो, पुढे जे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे अगदीच शब्दन् शब्द नव्हे. एक जागा मी रचलेली आहे. कोणती, ते शेवटी सांगेन. तोवर गुमान ऐका.

माझा जन्म राजघराण्यातला. म्हणजे कारखान्यातला, पण मालक फार रुबाबदार होता. तिथून मी खेळाच्या सामानाच्या दुकानात आलो आणि खिळ्याला उलटा लटकलो. एक दिवस एक बाई आल्या, माझा दांडा वरखाली करून बघितला, म्हणाल्या, "जरा फुसफुसतो, पण चालेल." फुसफुसतो! मला! त्याच या खेळबाई.

बाईंची नोकरी एका संस्थेत होती. घरातून उखडलेली पोरं तिथे राहायची. कुणी मार खाऊन आलेलं, कुणी मार देऊन. त्यांना खेळवणं हे बाईंचं काम. पण ते काम आहे असं तिथे कुणालाच वाटत नसे. स्वयंपाकघरातून रोज टोमणा यायचा, "तुमचं बरं आहे बाई, पगार घ्यायचा आणि उड्या मारायच्या."

संस्थेचे अधीक्षक कमरेला किल्ल्यांचा जुडगा बांधून हिंडत. पोरं त्यांना किल्लीसाहेब म्हणायची. कात्री, काटे, कर्कटक, जे टोचेल ते कुलपात. माझी सुईसुद्धा! चेंडूच्या भोकात घालायची ती बारीक पोकळ सुई. तिच्याशिवाय मी म्हणजे नुसती नळी. बाई रोज संध्याकाळी ती मागून आणायच्या आणि रोज ऐकून घ्यायच्या.

"आज कुणाची वागणूक चांगली आहे? त्यांनाच खेळू द्या."

"साहेब, जेवायला वाढताना वागणूक विचारता का?"

साहेब यावर किल्ल्या वाजवत.

या पोरांत एक थोरली मुलगी होती, भडकू. रागाला आली की खिडकी फोडायची. तिचा धाकटा भाऊ त्याच आवारात, मुलग्यांच्या इमारतीत होता, आणि दोघांची गाठ पडायची ती फक्त खेळाच्या वेळी, मैदानावर. साहेबांनी तिला बजावलं होतं, "आणखी एक तक्रार आली की तुझी रवानगी लांबच्या संस्थेत. भाऊ इथेच राहील."

बाईंनी तिच्या हातात मला दिलं. "राग आला ना? याच्यात घाल." बाईंचं काय जातंय! ते धक्के मी खाल्ले. पण खिडक्या वाचल्या, आणि चेंडू कधी मऊ राहिला नाही.

मग पाहुणे आले. दरवर्षी येतात. एक कोरा, चपटा चेंडू आणतात, त्याच्यापेक्षा लांब भाषण आणतात, आणि फोटो घेऊन जातात. या खेपेला साहेबांना स्फुरण चढलं. "द्या इकडे, मी भरतो हवा." भरली. धाप लागली. फोटो निघाला. मग मला असं उलटं पिळून उपटलं की सुई आटे सोडून चेंडूतच राहिली! हवा सूं करत निघाली, पण टाळ्यांच्या कडकडाटात ऐकतो कोण? पाहुण्यांनी चेंडूवर सही ठोकली. साहेबांनी तो ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवला, सही पुढे, भोक भिंतीकडे, आणि कुलूप लावलं.

संध्याकाळी सुई नाही म्हणून हाहाकार. गाद्या उलटल्या, वेण्या सोडून पाहिल्या. खेळ बंद. मी ओरडत होतो, "अहो, तुमच्याच कपाटात बघा!" पण तिथे हवेला मान फक्त पाहुण्यांच्या तोंडून आली तर.

दुसऱ्या दिवशी भडकूला ऑफिसात बोलावून काचेच्या कपाटाशेजारी बाकावर बसवलं. बाई मला काखेत मारून आल्या.

"सुई काढ," साहेब म्हणाले.

"माझ्याकडे नाहीये."

"पंप रोज तुझ्याच हातात असतो."

"साहेब, झडती घेतलीत ना तिची?" बाई म्हणाल्या.

"गिळली असेल."

"गिळली असती तर बोलताना शिट्टी वाजली असती," भडकू म्हणाली.

"ऐकलंत? ही भाषा! उद्या गाडी येईल. सामान बांध."

भडकूची मूठ वळली. काच हाताच्या अंतरावर होती. त्या मुठीचा जोर मला विचारा. साहेब खुर्चीसकट मागे सरकले. आणि भडकूने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. काचेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, तो चेंडू बसलाय."

बाईंनी पाहिलं. "साहेब, कपाट उघडा."

"हात लावायचा नाही. सही आहे त्याच्यावर."

"सहीला नाही लावत. मागून बघते."

एकेक किल्ली लावून बघता बघता साहेबांना घाम फुटला. शेवटी कुलूप निघालं. बाईंनी चेंडू फिरवला. भोकात सुई.

साहेबांनी चष्मा काढला. टेबलाला वळसा घालून भडकूपुढे उभे राहिले. म्हणाले, "पोरी, चूक माझी होती. मला माफ कर." भडकूने मांड्यांखालचे हात बाहेर काढले.

गाडी आली नाही. खेळ सुरू झाला. सहीचा चेंडू पुन्हा कपाटात गेला. पाहुण्यांचं नाव ताठ दिसावं म्हणून त्यात हवा मीच भरली. सुईला आता साखळी लावलीय. काहीतरी बांधून ठेवल्याशिवाय या माणसांना झोप येत नाही. माझा वायसर झिजलाय, आता मी खरंच फुसफुसतो.

तर, रचलेली जागा. राजघराणं? ते तुम्ही तेव्हाच ओळखलंत. रचली ती माफी. साहेब सुईकडे बघून एवढंच म्हणाले, "सापडली ना? मग झालं. जा आता." भडकू दारात थोडी थांबली. "जा म्हटलं ना!" ती गेली. कुणीतरी ते दोन शब्द बोलायला हवे होते, म्हणून मी बोललो. आता तुमच्या कपाटात कुणाची सुई निघाली तर ते बोलणं माझ्यावर सोडू नका.

त्या संध्याकाळी तिने इतकी हवा भरली, इतकी भरली, की चेंडूचा दगड झाला. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, पायाला लागतो गं."

तेव्हा ती थांबली, आणि थोडी सोडली.