मी दाखवते तिकडे मतदान नाही

मी एक पाटी बोलतेय. पाइनच्या लाकडाची, पावणेचार फूट लांब, एका बाजूला बाणासारखी निमुळती. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टॅलो काउंटीत पंचाहत्तर वर्षं मी लोकांना वाट दाखवतेय. त्यातल्या निम्म्यांना चुकीची दाखवली, पण तो दोष माझा नाही. मी लाकूड आहे. मला जिकडे तोंड करून ठोकतात तिकडे मी बोट दाखवते. एवढी साधी गोष्ट इथल्या कारकुनांच्या तीन पिढ्यांना कळली नाही, म्हणून शेवटी मलाच बोलावं लागतंय.

मला कापलं ते कापडगिरणीतल्या ओटिस क्लॅग नावाच्या सुताराने. हात सुरेख, डोकं वापरायचा प्रसंग त्याच्यावर कुणी आणलाच नव्हता. कोर्टाच्या कचेरीतून चिठ्ठी आली, ‘काळ्यांनी मागच्या दाराने यावे’ असं लिहून पाठवा. त्याने जेवणाच्या सुट्टीत शीळ घालत घालत लिहिलं आणि वर एक छान वेलबुट्टीही काढली. कोर्टाच्या अंगणात, कोपऱ्यावरच्या खांबाला, टोक डावीकडे करून मला ठोकण्यात आलं.

सतरा वर्षं मी तिथे होते. माझ्याकडे कुणी पाहायचं नाही. गोऱ्यांना गरज नव्हती आणि काळ्यांना पाठ होतं. ज्यांना रस्ता माहीतच आहे त्यांना तो रोज नव्याने सांगायचा, अशी माझी नोकरी. सरकारी नोकऱ्यांत अशा बऱ्याच असतात म्हणे.

सहासष्ट साली, देशाच्या राजधानीत काळ्यांच्या मतदानहक्काचा कायदा होऊन वर्ष उलटलं होतं आणि माझा मजकूर ठेवणं अवघड झालं. पर्विस लाउडरमिल्क हे तेव्हाचे काउंटीचे कारकून. पेन्सिल नखात मावेनाशी होईपर्यंत वापरणारा माणूस. ‘नवी पाटी कशाला? हिची मागची बाजू कोरी आहे की!’ म्हणाले. मला उलटं केलं, निळ्या रंगात ‘मतदान इकडे’ लिहवून घेतलं आणि त्याच खांबाला त्याच खिळ्यांनी ठोकलं.

पाटी उलटली की बाणही उलटतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मतदान होतं तळघरात, त्याचं दार मागे. मी दाखवत होते समोरच्या संगमरवरी पायऱ्या.

व्हर्डेल टिन्सली ही काळी मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. जॉर्जियात तेव्हाही मताचं वय अठराच होतं. धोबीखान्यात इस्त्री करायची. चर्चला जायची टोपी आणि पांढरे हातमोजे घालून ती आली, माझ्यासमोर थांबली, मला नीट वाचलं आणि सरळ समोरच्या पायऱ्या चढायला लागली.

“ए पोरी, कुठे निघालीस?” लाउडरमिल्क दारातून ओरडले. “मतदान तळघरात आहे. मागून जा.”

“पाटी तर इकडे म्हणतेय, साहेब.”

“पाटी चुकलीय.”

“पाटी तुमचीच ना, साहेब?”

मी लाच खाल्ल्यासारखं लाउडरमिल्क यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्यात व्हर्डेलच्या मागून बँकेच्या मॅनेजरची गोरी बायको पायऱ्या चढत आली. तिलाही मीच आणलं होतं. “पर्विस,” ती म्हणाली, “मीसुद्धा मागून जाऊ का? या टाचांवर?” आता मॅनेजरच्या बायकोला मागच्या दाराने पाठवायचं म्हणजे घराच्या कर्जाचा प्रश्न. आतला जिना उघडावा लागला. दोघी एकामागून एक उतरल्या आणि मत देऊन आल्या. माझ्या हातून झालेल्या चुकांत अभिमानाची तेवढी एकच.

पुढे बरंच बदललं. निदान सगळे तसं म्हणत तरी होते. पक्ष बदलले, म्हणजे माणसं तीच, तोंडं तीच, बरीचशी भाषणंही तीच. कोटावरचा बिल्ला तेवढा नवा. मतदानाची जागा बदलली तशी मी कोर्टातून गिरणीच्या उपाहारगृहासमोर गेले. मग गिरणी बंद पडली, माग बोटीत बसून परदेशी गेले आणि मी बाप्टिस्ट चर्चच्या सभागृहाकडे गेले. गिरणीचे फ्लॅट झाले, तिथे आता अटलांटाहून आलेली मंडळी राहतात. भिंतींना गिलावा नाही म्हणून भाडं जास्त मोजतात. ओटिसच्या नातवाने कोंबड्या कापायच्या कारखान्यात नोकरी धरली, पाठ गेली तेव्हा सोडली. त्याच्या जागी ग्वाटेमालाची माणसं आली. मग बॅटऱ्यांचा कारखाना आला. त्याला वीस वर्षं करमाफी. फीत कापायला अख्खं काउंटी मंडळ हजर. शाळेचं छप्पर अजून गळतंय, पण कात्री मात्र चांगली धारदार ठेवली आहे.

शेवटी मी अग्निशामक केंद्रासमोर स्थिरावले. तिथून व्हर्डेलचं घर दोन गल्ल्यांवर. दर निवडणुकीला ती यायची, जाताना माझ्यावर एक टिचकी मारायची. एकही निवडणूक तिने चुकवली नाही. नवरा वारला त्या आठवड्यातही आली होती.

मग मंडळाने चार मतदान केंद्रं मिळून एकच केलं, बारा मैलांवर, बाह्यवळण रस्त्यालगतच्या क्रीडागृहात. कारण लिहिलं, ‘मतदारांच्या सोयीसाठी’. कोणत्या मतदारांच्या ते इतिवृत्तात सापडत नाही. सूचना छापली ती अशा साप्ताहिकात, जे लोक फक्त कोण वारलं ते पाहायला उघडतात.

गेल्या नोव्हेंबरात मतदानाच्या दिवशी काउंटीच्या गाडीवरचा माणूस सकाळी आला आणि सवयीने मला अग्निशामक केंद्रासमोर उभं करून निघून गेला. दिवसभर मी बंद दाराकडे बोट दाखवत उभी. माणसं येत, दार हलवत, मला शिव्या देत आणि जात. मलाच! ज्यांनी ठोकलं त्यांना कुणी काही बोललं नाही.

साडेसहा वाजले तेव्हा व्हर्डेल आली. आता वॉकर धरून चालते. दुपारभर दवाखान्यात होती. तिने दार हलवलं आणि माझ्याकडे वळली.

“काय गं, तू पण?”

तेवढ्यात नोएमी चूबची गाडी थांबली. कोंबड्यांच्या कारखान्यापुढे ती तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे पानात उकडलेले मुटके, विकते. वसंतात नागरिक झाली, हे तिचं पहिलं मतदान.

“मिस व्हर्डेल, बंद झालं का?”

“इथलं बंद झालं. आता बाह्यवळणावर आहे, असं आत्ताच इथून परतणारा एकजण म्हणाला. सात वाजेपर्यंत.”

“मग बसा ना लवकर!”

“हिलाही घे. इथे राहिली तर आणखी चार जणांना फसवेल.”

अशी मी तमाल्यांच्या पातेल्यांमध्ये आडवी पडून बारा मैल गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच माझं टोक योग्य दिशेला होतं.

क्रीडागृहासमोर गाड्या लावायला एवढी जागा, की कापूस पेरता आला असता. दार पार पलीकडे. नियम असा की सातच्या ठोक्याला रांगेत जो उभा, त्याला मत. जो नाही, तो घरी. दोन मिनिटं उरली होती.

“माझा हात धरा,” नोएमी म्हणाली.

“हात धरून दोघी राहू. पळ तू.”

“तुम्हाला सोडून?”

“पळ म्हणते ना, पोरी! एकदा चुकलं की सवय लागते.”

नोएमी पळाली आणि रांगेत शेवटची लागली. व्हर्डेलचा वॉकर टकटक करत येत होता. अकरा पावलं उरली असताना सात वाजले. रांगेच्या शेपटाला उभी राहायला आलेली अधिकारी म्हणजे कार्लीन लाउडरमिल्क, पर्विस यांची नात आणि काउंटीची आताची कारकून. तिचे डोळे भरले होते, हे कबूल करायला हवं.

“मिस व्हर्डेल, मी काय करू? नियम आहे.”

“तुझ्या आजोबांनाही नियम पाठ होते,” व्हर्डेल म्हणाली आणि गाडीकडे परत फिरली.

आज काउंटी मंडळाची सभा आहे. मी व्हर्डेलच्या खुर्चीला टेकून बसलेय. अग्निशामक केंद्रावरचं मतदान परत सुरू करा, एवढंच तिचं मागणं. आमचा विषय सतरावा. पहिले दोन तास बॅटऱ्यांच्या कारखान्याच्या सांडपाण्यावर गेले. त्यांना कुणी घाई केली नाही.

आत्ता अध्यक्ष ग्रेडी स्टबलफील्ड यांनी तिचं नाव पुकारलं. प्रत्येकाला तीन मिनिटं. नाव पुकारलं की भिंतीवरचं घड्याळ सुरू होतं. ध्वनिक्षेपक सभागृहाच्या पुढच्या टोकाला आणि व्हर्डेलला शेवटच्या रांगेत जागा मिळालेली. ती उठली. तिचा वॉकर टकटकतोय. अडीच मिनिटं राहिली. सव्वादोन.

“घड्याळ थांबवा,” नोएमी उभी राहून म्हणाली.

“तशी तरतूद नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“मग करा.” हे कार्लीन म्हणाली, मंडळाच्याच टेबलावरून. तिच्यामागे सगळं सभागृह खुर्च्या सरकवत उभं राहिलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि बटण दाबलं. आकडे थांबलेत. व्हर्डेल अजून वाटेतच आहे.

लोकहो, मी लाकडाची. मला कुठेही ठोका, चुलीत घाला, माझं काही म्हणणं नाही. फक्त ती बोलून संपेपर्यंत त्या बटणाला कुणी हात लावू नका.