तिसऱ्या डब्यातली खिरापत

रायपूरच्या गुढियारीतल्या रेल्वे क्वार्टरांत भुलाबाईचा शेवटचा दिवस पद्मिनीआजींचा असे. एरवी पोरी घरोघरी गाणी म्हणत, मग घरची बाई झाकलेला डबा हलवी आणि आत कोणती खिरापत आहे ते पोरींनी ओळखायचं. अंदाजावर ती फक्त ‘जवळ’ किंवा ‘दूर’ म्हणे. आजी मात्र शेवटच्या दिवशी एकामागून एक तीन डबे आणत. त्या दिवशी पोरींच्या दोन ओळी होत. तिसरा डबा जी ओळ ओळखेल, तिची म्होरकी भुलाबाईला विसर्जनाला तळ्यावर घेऊन जाई. गेल्या वर्षी हा मान मायाच्या ओळीला मिळाला होता. यंदा तो दुसऱ्या ओळीच्या म्होरकीला, मंजिरीला, हवाच होता.

“दीदी, तू कॉलेजात कम्प्युटरले ओळखाले शिकवते ना? मले शिकव,” तिनं थोरल्या बहिणीला, निधीला, गळ घातली.

निधी उरला भागातल्या कारखान्यांच्या ट्रकांना रस्ते शोधून देणारा प्रोग्राम लिहीत होती. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. आज मोकळा दिसलेला रस्ता उद्या खणलेला असे, त्यामुळे काम काही संपत नव्हतं.

“सोपं आहे,” निधी म्हणाली. “जंगलात जे तगते, त्याचीच पिल्लं होतात. तसंच करायचं. सगळ्यांनी एकेक अंदाज सांगा. ‘दूर’ आला, तर तो मेला. ‘जवळ’ आले, तर त्यातल्या दोघांचं लग्न लावा. एकाचा आकार घ्या, दुसऱ्याची चव. झालं पिल्लू!”

लग्नाची गोष्ट मंजिरीच्या ओळीतल्या पोरींना भारी आवडली. शेवटच्या दिवशी निधीही त्यांच्या मागं येऊन बसली. पहिल्या डब्याला गोड शंकरपाळे जवळ आले, शेवही जवळ आली. लगेच वऱ्हाड जमलं आणि पिल्लू निघालं: तिखट शंकरपाळे! बरोबर. दुसऱ्या डब्यात चकली निघाली, तीही अशीच. ओळीतली सगळ्यांत धाकटी मीनल दोन्ही वेळा “पेरू” म्हणाली होती.

“तुझा पेरू मेला. गप बस आता,” मंजिरीनं तिला दटावलं.

तिसरा डबा आला. आजींनी हलवला. धप, धप.

“कडबोळी!” “दूर.”

मायाच्या ओळीतून कोणी ओरडलं, “लाडू!” “दूर.”

“करंजी!” “दूर.” “अनारसे!” “दूर.”

मंजिरीचा चेहरा रडवेला झाला. “दीदी, तुझं शास्त्र बेकार आहे! भुलाबाई चालली मायाकडं!”

निधीनं कपाळावर हात मारला. “अवं, आपल्याकडं सगळं तळलेलंच उरलं. तळलेल्याचं पिल्लू तळलेलंच होईन ना! माझा प्रोग्रामही असाच अडकून राहिला. रस्ता बंद झाला तरी ट्रक तिकडंच पाठवते, कारण बाकीचे रस्ते मी आधीच मारून टाकले.”

“मग करायचं काय?”

“डबा बदलते ना? मग थोडे येडे अंदाज जिवंत ठेवा लागतात. दूर असले तरी.”

मंजिरी मीनलकडे वळली. मीनल गाल फुगवून बसली होती.

“बोल ना, मीनल.”

“नहीं बोलूँगी. आपने मार दिया उसको.”

“केला जिवंत. बोल लवकर!”

“पेरू.”

आजींनी ओठ मुडपले. “जवळ.”

एकच गलका झाला. मायाही लगेच फळांवर घसरली. “केळं!” “जवळ.” “सीताफळ!” “जवळ.”

“कोणी फळ नका बोलू आता,” मंजिरी आपल्या ओळीला म्हणाली. “दुसरं येडं काहीतरी सांगा. तळलेलं नको.”

“उकडलेल्या शेंगा?” मागून कोणीतरी भीतभीत म्हणालं.

“जवळ.”

मंजिरीनं डोळे मिटले. पेरूचं आणि शेंगांचं लग्न. फळ एकाचं, उकडणं दुसऱ्याचं. तिकडे मायानं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मंजिरी किंचाळली, “शिंगाडे!”

आजींनी झाकण काढलं. आत काळेभोर उकडलेले शिंगाडे होते.

“हे चीटिंग आहे!” माया म्हणाली. “आजी, हे तं गोल बाजारातून आणले. खिरापत घरी करा लागते.”

“उकडले काय बाजारानं?” आजी म्हणाल्या. “खा मुकाट्यानं.”

निधी शिंगाडा सोलायलाही थांबली नाही. थोडे येडे रस्ते आपल्या प्रोग्रामात सोडायला ती घरी पळाली.

मंजिरीनं भुलाबाईला उचललं. मातीची मूर्ती दिसायला लहान, पण वजनाला भक्कम होती. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचेतो हात भरून आले.

“दे ना थोडा वेळ,” शेजारून चालणारी माया म्हणाली.

“काहून? मी थकली काय?” मंजिरी म्हणाली आणि दम खायला रस्त्यातच उभी राहिली.