मोंबासाला जाऊन आलेला फिरकीचा तांब्या

मित्रांनो, मी फिरकीचा तांब्या. आहे पितळेचा आणि म्हणतात तांब्या. यात माझा काही दोष नाही. माझ्या तोंडावर आट्यांचं झाकण आहे. ते फिरवून घट्ट लावलं की प्रवासात पाण्याचा थेंब सांडत नाही. निदान पूर्वी सांडत नसे. आता वय झालं, अंग थकलं, आणि थकलेला जीव जरा कुरकुरतोच, तेवढं सांभाळून घ्या.

अकोल्याच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. भातकुलीच्या पार्बताबाईंच्या लग्नात मी आंदण म्हणून आलो. त्यांच्यासोबत मी एसटीने मोझरीला गेलो, चिखलदऱ्याला गेलो, कोणाचं लग्न म्हणून चुकवलं नाही. बसमधली माणसं घोटभर पाणी मागायची आणि लय गोड लागते म्हणायची. मी आपला फुगायचो. त्यांचा धाकटा मुलगा शिवम तर मला थेट तोंडाला लावायचा. एकदा त्याने मला ओट्यावरून पाडलं. कुशीला पोचा आला, तेव्हापासून माझं झाकण अडतं. पोच्यावर अंगठा दाबून फिरवलं तरच उघडतं, आणि ही खुबी फक्त शिवमला आणि त्याच्या थोरल्या भावाला, भगवंतरावांना ठाऊक.

मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी फळीवर गेलो. पार्बताबाई वारल्या. शिवम नोकरीसाठी पार आफ्रिकेत, मोंबासाला गेला. माझ्यावर धूळ बसत राहिली, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

यंदा उन्हाळ्यात भगवंतरावांच्या बायकोने, जमुनाने, मला खाली काढलं. चिंच लावून घासलं. घासताना ती रडत होती. शिवम आणि त्याची बायको दामिनी तिकडे मोटारीच्या अपघातात गेले होते, त्याला बरेच महिने झाले होते. मागे राहिली होती त्यांची तान्ही म्हणावी अशी लेक, अपेक्षा. ती आयाबाईच्या हाताखाली वाढत होती. जमुना-भगवंतरावांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी पोरीला दत्तक घ्यायचं ठरवलं, इकडच्या-तिकडच्या कचेऱ्यांत चपला झिजवल्या, आणि एकदाचे तिला आणायला निघाले.

"ज्या तांब्यानं बाप पानी प्याला, त्यातच लेकीनं प्यावं," असं म्हणून जमुनाने मला घरच्या पाण्याने भरून घेतलं. मुंबईच्या विमानतळावर शिपायाने ते ओतायला लावलं. झालं! रिकाम्या पोटी मी समुद्र ओलांडला.

मोंबासाला माझा मुक्काम स्वयंपाकघरात होता. पोरगी आयाबाईला सोडायला तयार नव्हती. भगवंतरावांच्या चेहऱ्यात तिला बाप दिसत असावा. त्यांच्या कडेवर कशीबशी जायची. जमुनाने हात पुढे केले की मात्र तोंड फिरवायची. जमुना हसून दाखवायची आणि मग माझ्याजवळ येऊन डोळे पुसायची. हे लेकरू आपल्याला कधी आई म्हणेल का, हीच धास्ती तिच्या जिवाला लागली होती.

आयाबाईची बोली स्वाहिली, तीच पोरीची. तहान लागली की पोर म्हणायची, "माजी," आणि आयाबाई पेला भरून द्यायची. मला ते चटकन कळलं, माझा धंदाच पाण्याचा. जमुनाचं ध्यान तेव्हा बॅगा भरण्यात होतं.

परत मुंबईला उतरलो तेव्हा सगळ्यांची अंगं आंबून गेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोरीला बाहेरचं पाणी द्यायचं नाही. म्हणून जमुनाने लॉजवर पाणी उकळून, गार करून मला भरलं, आणि सकाळच्या गाडीत पिशवीसकट सीटखाली सरकवलं. तिथेच माझा विसर पडला.

नाशिक मागे गेलं. भगवंतराव पेंगत होते. पोरगी उठून बसली, तिने जमुनाचा पदर ओढला आणि म्हणाली, "माजी."

जमुनाने नवऱ्याला गदागदा हलवलं. "अवो, आयकलं का? मले मा-जी म्हनते!"

आमच्या वऱ्हाडात हिंदी काही परकी नाही. टीव्हीवर तर रोज कोणीतरी कोणालातरी माँजी म्हणतंच. जमुनाने पोरीचे मुके घेतले आणि आनंदाने चिप्सचं पाकीट फोडलं. खारट चिप्स! पोर पुन्हा "माजी" म्हणाली, जमुनाने पुन्हा कवटाळलं. मग बिस्कीट, मग आंब्याचा चिकट गोड रस. बाहेर ऊन रणरणत होतं. पोरीचे ओठ सुकले, आवाज बसला, आणि काठोकाठ भरलेलं पोट घेऊन मी सीटखाली पडून होतो. मित्रांनो, तांब्याला तोंड असतं पण बोलता येत नाही. इतकी वर्षं राबलो, पण त्या दिवशी थकलो तसा कधी थकलो नाही.

भुसावळला नसीमबानो नावाच्या एक बाई चढल्या. अकोल्याच्या होत्या. त्यांचे मालक रऊफभाई मोंबासाच्या बंदरात क्रेन चालवायचे, बाईंनीही तिकडे संसार केलेला. जमुनाने त्यांना कौतुकाने सगळं सांगितलं. पोरगी आता रडतही नव्हती, नुसतं पुटपुटत होती. बाईंनी कान दिला आणि त्यांचा चेहरा उतरला. कोणाच्या आनंदावर विरजण घालायचं जिवावर येतं. पण लेकराचे ओठ त्यांच्यासमोर होते.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "बच्ची तुमाले हाक नाही मारून राहिली. तिकडच्या बोलीत माजी म्हणजे पानी. तिले तहान लागली."

जमुनाने हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. "अन् मी तिले चिप्स चारून राहिली," ती म्हणाली, आणि खाली वाकून पिशवी ओढली.

माझं झाकण नेमकं अडलं. जमुनाने पदर गुंडाळून पिळलं, हात लाल झाले, पण मी मेला उघडतोय कुठला! शेवटी भगवंतरावांनी पोच्यावर अंगठा दाबला. पोरीने पेल्याची वाट पाहिली नाही. दोन्ही हातांनी मला धरून, बापासारखंच तोंड लावून ती प्याली. जमुनाने मला खालून आधार दिला होता. निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं, तिने पुसलंसुद्धा नाही.

शेगाव गेल्यावर तिने नसीमबानोंना विचारलं, "मंग तिकडं आईले काय म्हनतात?"

"मामा."

"मामा? मंग माह्या भावाले काय म्हनन ते?"

इतक्या दमलेल्या त्या तिघांनाही हसू फुटलं. अकोल्याला बाई उतरल्या तेव्हा पोर जमुनाच्या मांडीवर झोपली होती. बडनेऱ्यापर्यंत जमुनाने पाय हलवला नाही.

मित्रांनो, दुरून कोणी दमून आलं की आधी पाणी विचारा, मुके आणि खाऊ मागाहून. आणि माझ्यासारखं जुनं भांडं घरात असेल तर त्याला फळीवर नका टाकू. रिकामं राहण्यासारखा दुसरा थकवा नाही.

मी आता ओट्यावर असतो. अपेक्षा भातकुलीची बोली बोलते. आल्यापासून जिच्या हातून पाणी मिळालं तिलाच तिने ते नाव दिलं, आणि जमुनाने ते कधी सुधारलं नाही. काल अंगणातून खेळून आली, घामाने डबडबलेली, आणि दारातूनच ओरडली,

"माजी, मले पानी दे."