चाखायचा चमचा

आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चाखायचा चमचा एकच, आणि तो माझा. चुलीशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. त्याला हात लावायची कुणाची टाप नाही, सुनेचीसुद्धा नाही. ती माझ्याच हाताखाली भाज्या चिरते, भांडी लावते, पण सकाळी एक घास खाईल तर शपथ. "अगं, हे डाएटचं खूळ सोड, फुंकर मारली तरी उडशील," असं मी तिला रोज सुनावते आणि ती रोज नुसती हसते.

मीही स्वयंपाक होईपर्यंत पाण्यावरच असते, पण ते डाएट नव्हे. पोट भरलं की जीभ आळशी होते, काहीही चालवून घेते. भुकेल्या जिभेला मात्र चिमूटभर मीठसुद्धा कमी-जास्त झालेलं चालत नाही. माझं सगळं कसब या एका गोष्टीवर उभं आहे, आणि त्यात मला तोड नाही, हे मी छाती ठोकून सांगते.

इथे सगळे मला कॅप्टन म्हणतात. तर परवा रंगखात्याचा फोरमन वाडगा घेऊन खिडकीशी आला. "कॅप्टन, आज मिठाचा डबा सांडला का हो सुपात?" मी त्याला असा झापला की बिचाऱ्याने ते सूप मुकाट्याने संपवलं. मग आत जाऊन चाखलं. एकदा, दोनदा. खारट की अळणी, काही म्हणजे काही कळेना!

कारण मला लगेच कळलं. ते इंजेक्शन.

झालं होतं असं, की माझ्या पायावर उकळतं पाणी सांडलं आणि मला पत्ताच लागला नाही. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा हा एवढा फोड. डॉक्टर म्हणाले, साखरेने नसा खाल्ल्यात, आता हयगय केलीत तर पाय जाईल. मग आठवड्याला एक सुई ठरली, कसल्याशा पेप्टाइडची.

"आधी हे पेप्टाइड म्हणजे काय ते सांग, मग टोच," मी नर्सला दरडावलं.

पोरगी चुणचुणीत होती. "मावशी, प्रथिन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ. पेप्टाइड म्हणजे छोटी माळ. तुम्ही जेवलात की आतडं अशीच एक माळ रक्तात सोडतं. ती सांगत फिरते, अन्न आलंय, साखर आवरा, आता खाणं पुरे. असा निरोप नेणाऱ्याला हार्मोन म्हणायचं. तुमचा स्वतःचा काही मिनिटांत विरून जातो. सुईतला त्याच्यासारखाच, पण आठवडाभर टिकतो."

"आणि निरोप घेतं कोण?"

"रिसेप्टर. तुमच्या कॅन्टीनची खिडकी समजा. चिठ्ठी खिडकीत आली की आत काम सुरू. आणि डोस हळूहळू वाढवायचा, नाहीतर मळमळेल."

हे मला पटलं. तिखट मीही एकदम ओतत नाही. भूक कमी होईल, हेही ती म्हणाली होती, आणि मी हसण्यावारी नेलं होतं. भूकच नसेल तर स्वयंपाकिणीने चाखायचं कशाने, हे तिला सुचलं नाही आणि मलाही नाही!

मग काय, या आठवड्याची सुई मी घेतलीच नाही. ते सुईचं पेन कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये लोण्याच्या मागे सरकवलं. आज सुनेने लोणी काढलं आणि पेन हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, हे काय?"

"तुला काय करायचंय? जीभ गेली तर मी इथे कोण?"

"आणि पाय गेला तर?" तिचा आवाज चढला. आजवर कधी चढला नव्हता. "उभ्या कुठे राहणार आहात?"

मला इतका राग आला, इतका राग आला, की मी चमचा खिळ्यावरून ओढला आणि तिच्या हातात कोंबला. "घे! मोठी शहाणी! सांग काय कमी आहे ते!"

तिने सूप चाखलं. डोळे मिटले. "मीठ पुरे. लिंबू हवंय, अर्धंच."

माझी मूठ मिठाच्या डब्यात होती. ती तशीच ठेवून मी विचारलं, "इतकं नेमकं कसं कळलं गं?"

"भूक लागलीये ना."

"म्हणजे?"

तिने मान खाली घातली. "डाएट नाही ते, आई. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून तुमचं बघून रोज उपाशी राहते. म्हटलं, कधी चमचा दिलात तर जीभ तयार असावी."

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. लिंबू पिळलं, अर्धंच. पहिला वाडगा भरून तिच्यापुढे ठेवला.

"खा आधी," मी म्हटलं, "आणि आण ते पेन इकडे."