स्टेशनमास्तरची शिट्टी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझं एक बटण पडलंय, बिजागरी कुरकुरते आणि बॅटरी म्हणाल तर नावालाच उरली आहे. तरी मिनेसोटातल्या आमच्या गावात नाटक बसलं की माझ्यावाचून पान हलत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांगला चकचकीत होतो. आर्लिसच्या मुलीनं मला कॉलेजात नेलं, माझ्यावर दोनदा कॉफी सांडली आणि नवा लॅपटॉप मिळताच मला आईच्या स्वयंपाकघरात सोडून दिलं. मला फार वाईट वाटलं. पण आर्लिसनं मला पुसून टेबलावर मांडलं आणि माझे खरे दिवस सुरू झाले.

आर्लिस शाळेची बस चालवते. सकाळच्या आणि दुपारच्या फेरीच्या मधे ती गावच्या नाटकाचे आवाज तयार करते. कुठल्या वाक्याला दार वाजायचं, कुठे वीज कडाडायची, ते सगळं माझ्यावर ठरतं. थिएटरमधला मोठा कॉम्प्युटर शिडीवरच्या खोलीत असतो आणि तिथे दिवसा बोटं गारठतात. म्हणून कापाकापी माझ्यावर, ओव्हनच्या उबेत. मग सगळं पेनड्राइव्हवर घालून तिकडे न्यायचं. तो मोठा फक्त वाजवतो आणि कौतुक त्याचंच होतं. मी याबद्दल कधी कुरकुर केली नाही. बरं, थोडी केली असेन.

गेल्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्या स्टेशनमास्तरचं नाटक होतं. ते काम ऑरिन करणार होते. वय एक्याऐंशी. हे आपलं शेवटचं नाटक, असं त्यांनी जाहीर केलं होतं. अखेरच्या प्रसंगात आगगाडीची शिट्टी वाजते, स्टेशनमास्तर खुर्चीतून उठतो, कंदील उचलतो आणि कायमचा निघून जातो.

"आर्लिस, मला आता वाक्यांचा भरवसा नाही," ऑरिन म्हणाले होते. "शिट्टी वाजली की उठायचं, एवढंच डोक्यात ठेवलंय. नाही वाजली, तर मी खुर्ची सोडणार नाही. मग बसा सगळे सकाळपर्यंत."

म्हणून आर्लिस मला मांडीवर घेऊन रेल्वेच्या फाटकापाशी गाडीत बसली आणि तिनं खऱ्या मालगाडीची शिट्टी माझ्यावर रेकॉर्ड करून घेतली. मागच्या सीटवर तिच्या नवऱ्याचा, डेल्मरचा कुत्रा होता. त्याचं नाव डिझेल. शिट्टी संपता संपता तो भुंकला. तिला वाटलं, लोकांना कळणार नाही. पण रंगीत तालमीनंतर ऑरिन म्हणाले, "माझ्या निरोपात कुत्रं भुंकतंय."

"तुम्हाला तर ऐकू कमी येतं ना?"

"जे ऐकायला नको, ते बरोब्बर येतं."

प्रयोगाच्या दिवशी दुपारी आर्लिसनं माझ्यावर ते भुंकणं कापलं आणि त्या जागी आधीच्या शांततेचा तुकडा जोडला. इतकं सुरेख काम आम्ही क्वचित केलं होतं. मग थिएटरमध्ये जाऊन तिनं जुनं सगळं पुसलं आणि नवं उतरवलं. आवाजांचा क्रम तिकडे पोचला, फोल्डर पोचलं. पण नवी शिट्टी त्या फोल्डरमध्ये नव्हतीच. ती माझ्या पडद्यावर एका कोपऱ्यात राहिली होती. घरी ती छान वाजायची, कारण ती घरातच होती. मोठ्या कॉम्प्युटरनं तिच्या नावापुढे फक्त लाल फुली दाखवली.

ती फुली आर्लिसला दिसली तेव्हा लोक येऊन बसू लागले होते. तिनं घरी फोन लावला.

"फाइल-बिइल मला कळत नाही," डेल्मर म्हणाला. "मी अख्खा लॅपटॉपच आणतो."

बर्फातून पिकअप हाकत त्यानं मला आणलं, तेव्हा नाटक अर्ध्यावर आलं होतं. धापा टाकत तो शिडी चढला.

"चार्जर कुठाय?" आर्लिस कुजबुजली.

"मी लॅपटॉप आणतो म्हणालो. हा काय लॅपटॉप."

चालत्या नाटकात मोठ्या कॉम्प्युटरला हात लावायची तिची हिंमत होईना. तिनं स्पीकरची वायर थेट मला जोडली आणि बॅटरी पुरावी म्हणून माझा उजेड अगदी मंद केला. खाली ऑरिन खुर्चीत बसले होते. त्यांचं शेवटचं वाक्य बोलून झालं. ते शिट्टीची वाट बघत होते. मित्रांनो, त्या वेळी मला स्वतःची फार भीती वाटली. मी आत्ता विझलो, तर हा माणूस तसाच बसून राहणार होता.

माझ्या पडद्यावर दोन शिट्ट्या शेजारी शेजारी होत्या. 'शिट्टी शेवटची' आणि 'शिट्टी खरंच शेवटची'. अंधुक उजेडात आर्लिसला एवढंच दिसलं की दोन्ही शिट्ट्याच आहेत. तिनं एक दाबली.

मालगाडी लांबवर ओरडली. ऑरिन उठले. त्यांनी कंदील उचलला. आणि शिट्टी विरता विरता डिझेल भुंकला.

आर्लिसनं डोळे मिटून घेतले. मी तेवढ्यात विझलो, पण खाली ती माणसं असताना ऐकायला बॅटरी कशाला लागते? ऑरिन थबकले. त्यांनी अंधाराकडे वळून पाहिलं आणि नाटकात नसलेलं वाक्य म्हटलं, "चल रे. मला वाटलं, मी एकटाच निघालोय."

ते हसत निघून गेले. लोक हसले, मग डोळे पुसत उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात.

नंतर ऑरिन शिडीखाली येऊन ओरडले, "ते कुत्रं कापलंस तर याद राख. आणि पुढच्या वर्षी त्याला माझ्याबरोबर मोठं काम द्या."

"तुमचं हे शेवटचं होतं ना?" आर्लिसनं विचारलं.

"मला ऐकू येत नाही," ऑरिन म्हणाले.

तर मित्रांनो, एका घरचं काम दुसऱ्या घरी नेताना सगळे आवाज एकाच फोल्डरमध्ये घ्या आणि निघण्यापूर्वी एकदा टेबलाकडे वळून बघा. जुन्या यंत्रांना लगेच भंगारात घालू नका. आमच्या एखाद्या कोपऱ्यात तुमचं काहीतरी राहिलेलं असतं. आणि आम्हाला न्यायला आलात, तर तेवढा चार्जर आणा.